जोडीदाराला विचारून रॅकेट देणारा रुसो

आमच्या ओलावारिया गावात कुणालाही विचारा, "पॅडलची रॅकेट कुठे घेऊ?" समोरचा तुम्हाला आधी नखशिखान्त न्याहाळेल आणि उलट विचारेल, "जोडीदार आहे का?" नसेल, तर रुसोच्या शेडकडे पाय वळवायचे नाहीत. बाकीच्या दुकानांत भिंतभर रॅकेट्स टांगलेल्या असतात, आवडेल तो रंग उचला आणि चालू लागा. रुसो मात्र जोडीदाराशिवाय आलेल्याला दारातूनच परत पाठवतो. नगराध्यक्षांच्या मेव्हण्यालासुद्धा पाठवलंय, मी तिथेच मॅतेचा कडू चहा पीत बसले होते.

मी सुल्मा इरिबारेन. स्टेशनमागे माझं केस कापायचं दुकान आहे आणि गेली तेवीस वर्षं मी रुसोबरोबर पॅडल, म्हणजे चार भिंतींच्या आत जोडीजोडीने खेळायचं टेनिस, खेळते. क्लबच्या मिश्र लीगमध्ये तो डाव्या बाजूला, मी उजव्या. तेव्हा त्याच्याबद्दल मी जे सांगते ते खरं समजायचं. ज्याला पटत नसेल त्याने आपले केस आपणच कापावेत.

रुसोचं खरं नाव रोहेलियो स्त्रेमेल. खापरपणजा जर्मन, तो व्होल्गाकाठी राहिलेला, म्हणून आमच्या गावाने अख्ख्या जमातीला रुसो, म्हणजे रशियन, ठरवून टाकलं. आता कितीही सांगा, रुसो तो रुसोच. सतराव्या वर्षी सिमेंटच्या कारखान्यात साचे बनवणाऱ्या सुतारांमध्ये लागला. हात असा की साच्यातून निघालेला ठोकळा पुन्हा घासावा लागत नसे. मग ऐंशीच्या दशकात पॅडल आलं आणि गाव खुळावलं. जिथे मोकळी जागा दिसेल तिथे चार भिंती उभ्या. सिमेंटला काय तोटा, घरचंच! रुसोने पहिली रॅकेट प्लायवूडची केली, स्वतःसाठी. ती एवढी जड होती की पहिल्या दिवशी त्याने तिच्या फटक्याने कोर्टावरचा दिवा फोडला आणि त्याचं त्याला भारी कौतुक वाटलं. तेव्हापासून जोराचं वेड जे डोक्यात बसलं ते बसलंच.

कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा त्याने शेड टाकली. फायबर, फोम, रेझिन, सगळं स्वतः शिकला. गावात तेव्हा रॅकेट बनवणारे पाच जण होते. मग एक दिवस पॅडलचं खूळ उतरलं. कोर्टं ओस पडली. एकात टायरवाला शिरला, एकात रविवारी प्रार्थना सुरू झाली. चार जणांनी गाशा गुंडाळला. रुसो खुर्च्यांचे पाय बसवत राहिला, तळ्यावरच्या होड्यांची वल्ही करत राहिला, आणि कुणी हसलं की म्हणायचा, "येतील परत. भिंती कुठे पळून जातात?" आणि आले की नाही सगळे? पोरं, बायका, पोट सुटलेले वकील, सगळे परत आले. तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात हाताने रॅकेट बनवणारा तो एकटाच उरला होता.

आता त्याची पद्धत सांगते. गिऱ्हाईक शेडमध्ये आलं की रुसो त्याला स्टुलावर बसवतो आणि तोंड बंद ठेवायला सांगतो. मग जोडीदाराकडे वळतो. का, तर त्याच्या मते स्वतःच्या खेळाबद्दल माणूस जेवढं खोटं बोलतो तेवढं बायकोशीसुद्धा बोलत नाही. आमच्या लोकांत तर सगळेच स्वतःला डावीकडचे समजतात. पॅडलमध्ये डावी बाजू म्हणजे मारणाऱ्याची. मधला चेंडू त्याचा, उंच चेंडू त्याचा, टाळ्याही त्याच्याच. उजवीकडचा बिचारा निस्तरणारा. मग कोण म्हणेल मी उजवीकडचा?

दाताचा डॉक्टर अन्सेल्मो आला होता तो दिवस आठवतो. बरोबर जोडीदार, खाटीक बासिलिओ. अन्सेल्मो स्टुलावर बसायच्या आधीच सुरू झाला, "मला ती टोकदार हवी, हिऱ्याच्या आकाराची. मी मारणारा खेळाडू आहे."

"तुला कुणी विचारलं?" रुसो म्हणाला. "बासिलिओ, पहिला प्रश्न. उंच चेंडू आला की हा काय करतो?"

बासिलिओने अन्सेल्मोकडे बघितलं, मग जमिनीकडे. "डोळे मिटतो."

"काय?" अन्सेल्मो स्टुलावरून उठला.

"खाली बस. दुसरा प्रश्न. गुण गेला की काय बोलतो?"

"सूर्याला शिव्या देतो. परवा ढग होते तरी दिल्या."

"बरं. आता शेवटचा. गुण अटीतटीचा आहे आणि चेंडू दोघांच्या मधोमध येतो. तो तू याच्याकडे सोडतोस, की स्वतः घेतोस?"

बासिलिओने अन्सेल्मोच्या खांद्यावर हात ठेवला. तीस वर्षांची दोस्ती हो! शेवटी म्हणाला, "मी घेतो. माफ कर रे अन्सेल्मो. कधीपासून मीच घेतो."

अन्सेल्मोचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. रुसोने त्याला गोल रॅकेट दिली, हलकी, मऊ फोमची. गोल रॅकेटमध्ये नेमकी मारायची जागा मोठी आणि मधोमध असते, जरा चुकीचा लागला तरी चेंडू हवा तिथेच जातो. हिऱ्यात वजन सगळं टोकाला. बसला तर तोफ, नाही बसला तर तुमचं कोपर आणि तुमचं नशीब. दोन्हींच्या मधली ती थेंबाच्या आकाराची. अन्सेल्मो आठवडाभर फुगून बसला, आणि पुढच्या महिन्यात क्लबच्या स्पर्धेत उपान्त्य फेरीत गेला. तेव्हापासून रुसोच्या बायकोचे दात तो आधी तपासतो, बाकीचे पेशंट नंतर.

इतकं सगळं जगाला सांगणारा हा माणूस स्वतः काय वापरायचा? हिरा! काळा, कडक फोमचा, जवळजवळ पावणेचारशे ग्रॅमचा. आम्ही तिला कुऱ्हाड म्हणायचो. आणि त्याने स्वतःच्या जोडीदाराला, म्हणजे मला, कधी काही विचारलं? वीस वर्षांत एकदाही नाही. मीही कधी बोलले नाही. कशाला बोलू? त्याचा स्मॅश बघायला आजूबाजूच्या कोर्टांवरचे खेळ थांबायचे. मी उजवीकडे उभी राहून चेंडू वर वर ठेवायची, आणि तो येऊन घाव घालायचा. मला ते आवडायचं. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी मार्चमधली गोष्ट. शेडमध्ये बसलो होतो. तिथे मॅते ओतायचा मान रुसोचा. एकच वाटी, एकच नळी, तो ओतणार आणि बाकीचे आळीपाळीने पिणार. दुसऱ्या कुणी किटलीला हात लावलेला त्याला खपत नाही. त्या दिवशी त्याने किटली माझ्याकडे सरकवली. "तू ओत. मला ही मूठ घासायचीय." घासायला हातात काही नव्हतं. मी ओतलं, आणि त्याचा उजवा हात बघत राहिले.

गुरुवारी इर्मा केस कापायला आली. इर्मा म्हणजे रुसोची बायको. आमच्या जोडीवरून गावाने वीस वर्षं कुजबुज केली तेव्हा ही बाई भर क्लबात म्हणाली होती, "सुल्मा, हवा तर घेऊन जा त्याला, फक्त जेवायच्या वेळी परत पाठव, नूडल्स चिकट होतात." अशी बाई. ती त्या दिवशी आरशात माझ्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टरांचा कागद सापडला. गोंदाच्या डब्याखाली दडवला होता मूर्खाने."

"कोपर?"

"कोपरच. स्नायुबंध झिजलाय. अजून एक वर्ष असाच खेळला तर स्क्रू ड्रायव्हरसुद्धा धरता येणार नाही म्हणे. डॉक्टर म्हणतात खेळ बंद. हा म्हणतो शेजारच्या आसुल गावातली स्पर्धा खेळतो, मग कुऱ्हाड खिळ्याला टांगतो आणि विषय संपला."

"टांगतो म्हणजे? कायमचं?"

"कायमचं. आणि मग घरी बसून माझं डोकं खाणार. सुल्मा, तो गावातल्या प्रत्येकाच्या जोडीदाराला विचारतो. त्याची जोडीदार तू आहेस. तू सांग."

मी कात्री खाली ठेवली. काय सांगू? की रुसो, तुझा स्मॅश दोन वर्षांपूर्वीच गेला? की बाजूच्या कोर्टावरचे लोक आता थांबतात ते सवयीने? असं सांगितलं आणि तो उद्याच खेळ सोडून बसला तर? आणि नाही सांगितलं, आणि मेमध्ये आसुलला त्याचा हातच गेला तर? खरं सांगते, मला त्याच्या हाताची जेवढी काळजी होती तेवढीच माझीही होती. माझे खेळायचे मंगळवार-शुक्रवार त्याच्याशिवाय कसे जाणार होते? रडू आलं, आणि टिपं इर्माच्या मानेवर पडली. ती म्हणाली, "पाणी कोमट ठेवलंस ते बरं केलंस."

तर मी काय केलं? सांगितलं नाही. भित्री कुठली! त्याऐवजी मी खेळायला सुरुवात केली. मधला चेंडू दिसला की "माझा!" उंच आला की "माझा!" त्याच्या बाजूला गेला तरी धावत जाऊन "माझा!" म्हटलं, कोपराला जेवढे कमी धक्के बसतील तेवढे बसू देत. महिनाभर मी एखाद्या घोड्यासारखी त्या कोर्टावर धावले. एकसष्ट वर्षांची बाई मी. समोरचे हसायचे. मग एका शुक्रवारी चेंडू थेट त्याच्या छातीवर आला आणि मी आडवी जाऊन तो घेतला. रॅकेट त्याच्या नाकावरून गेली. सामना संपल्यावर तो माझ्याकडे न बघता निघून गेला, शेकोटीपाशी मांस भाजत होतं तेही न खाता.

शनिवारी सकाळी माझं दुकान भरलेलं असतं. दोघी ड्रायरखाली, डोन्या एलिडा, म्हणजे एलिडाबाई, डोक्याला रंग लावून बसलेली. दार उघडलं आणि रुसो आत आला. वीस वर्षांत तो या दुकानात कधी आला नव्हता, त्याचे केस इर्मा कापते आणि ते दिसतंही. मधल्या रिकाम्या खुर्चीत बसला.

"केस?" मी विचारलं.

"नको. पहिला प्रश्न," तो आरशात बघत म्हणाला. "उंच चेंडू आला की रोहेलियो काय करतो?"

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"रुसो, इथे नको."

"इथेच. शेडमध्ये तू खोटं बोलशील. इथे या बायका तुला बोलू देणार नाहीत खोटं. काय हो डोन्या एलिडा?"

"छे! खोटं बोललीस तर मी रंग पुसून उठेन," डोन्या एलिडा म्हणाली. तिला पॅडलमधलं ओ की ठो कळत नाही.

"बोल."

"वाट बघतोस," मी म्हटलं. "चेंडू आणखी खाली यायची वाट बघतोस. पूर्वी वरच घ्यायचास. आता हात वर जायच्या आधी क्षणभर थांबतो."

"दुसरा. गुण गेला की काय बोलतो?"

"काही नाही. पूर्वी शिव्या द्यायचास. आता नुसता रॅकेटकडे बघतोस."

"तिसरा." त्याला उत्तर माहीत होतं. मग कशाला विचारतो हा माणूस! "गुण अटीतटीचा आहे. चेंडू मधोमध आला. सोडतेस की घेतेस?"

"दोन वर्षं झाली, मी घेते." मी सरळ त्याच्याकडे वळून म्हटलं, आरशातून नाही. "आणि एवढंच हवं होतं तर दोन वर्षांपूर्वी यायचं होतंस. त्या कुऱ्हाडीने तुझं कोपर खाल्लं, रुसो. फायदा एका गुणाचा नाही. तू अन्सेल्मोला जे सांगितलंस ते स्वतःला का नाही सांगितलंस? गावाला शहाणपण वाटत फिरतोस, आणि स्वतः एवढा हावरा? तुला टाळ्या हव्यात, बस्स. आता खेळ सोडायचा तर सोड, पण मला सोडून जाण्याआधी निदान एकदा चांगली रॅकेट घेऊन खेळून बघ, गाढवा!"

डोन्या एलिडाने छातीवर हात ठेवला. ड्रायरखालच्या दोघींनी डोकी बाहेर काढली होती. मला वाटलं आता हा उठून जाणार. तो उठला नाही. खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, घडी घालून रुमाल परत ठेवला.

"झालं तुझं? आता माझी पाळी. मी पण तुझा जोडीदार आहे."

"माझं काय? मला काय झालंय? मी उजवीकडची. मी सांभाळून खेळणारी."

"तुला कुणी विचारलं?" रुसो म्हणाला, आणि डोन्या एलिडाकडे वळला. "बाई, ही दिवसाचे आठ तास हात डोक्याच्या वर धरून उभी असते. आहे की नाही?"

"असते की. मी तरी बघतेय."

"हिचा खांदा बघा. माझ्यापेक्षा जाड आहे."

"ए!"

"ही उंच चेंडूखाली जाते तेव्हा पाय आपोआप बरोबर पडतात. वीस वर्षं पडतायत. आणि मग ऐन वेळी ही हात खाली घेते आणि चेंडू हळूच पलीकडे ढकलते, पुढचा मी मारावा म्हणून. का ढकलते? कारण डावीकडे मी उभा आहे, आणि मला मारायला आवडतं." तो थांबला. "मला हे पहिल्याच वर्षी दिसलं होतं, सुल्मा. शेडमध्ये आलेल्या प्रत्येकाच्या जोडीदाराला मी विचारलं, पण आपल्या जोडीबद्दल नाही विचारलं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मला उजवीकडे जावं लागलं असतं."

वीस वर्षं मी समजत होते की मी त्याला सांभाळून घेतेय, फार मोठं मन आहे माझं. आणि हा मेला सगळं बघून गप्प बसला होता! संताप आला. मी ब्रश फेकला, तो आरशावर आपटला. आणि त्याच वेळी खांद्यात काहीतरी असं शिरशिरलं, की मला आत्ताच्या आत्ता एक उंच चेंडू हवा होता.

"वीस वर्षं, रुसो?"

"वीस."

"चालता हो माझ्या दुकानातून."

"होतो. सोमवारी शेडमध्ये ये. हाताचं माप घ्यायचंय." दारात जाऊन वळला. "आणि एलिडाबाईंचा रंग बघ, जांभळा व्हायला लागलाय."

सोमवारी मी गेले नाही. मंगळवारी गेले. सोमवारी गेले असते तर त्याला वाटलं असतं राग गेला. त्याने दोन साचे काढून ठेवले होते. स्वतःसाठी गोल, मऊ फोमचा, वजन मुठीकडे झुकलेलं, मूठ जाड, म्हणजे घट्ट आवळावी लागत नाही आणि कोपराला धक्का पोचत नाही. माझ्यासाठी थेंबाच्या आकाराचा.

"हिरा का नाही?" मी विचारलं. आता मला हिराच हवा होता. माणसाचं मन बघा!

"तुझंही कोपर घालवायचंय का? तुझा जोर खांद्यातून येतो, तो रॅकेटच्या टोकातून कशाला काढायचा? हात दे."

माझी बोटं मोजली, मनगट वळवून बघितलं, मला वीस वेळा हवेत फटका मारायला लावला. प्रत्येक वेळी म्हणायचा, "हळू कुणासाठी करतेस? इथे कुणी नाहीये." विसाव्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. तेव्हा कुठे साहेबांनी पेन्सिल उचलली.

डॉक्टरांकडे तो स्वतः गेला, दोन्ही रॅकेट्स घेऊन. ठरलं असं, की आसुलला खेळायचं. कोपर जरा जरी कुरकुरलं तर तिथेच रॅकेट पिशवीत घालायची आणि खेळाला रामराम. डॉक्टरांनी हे इर्मासमोर कबूल करून घेतलं, कारण त्यांनाही रुसो माहीत आहे.

पाच आठवडे आम्ही उलटे खेळलो, मी डावीकडे, तो उजवीकडे. सगळे सामने हरलो. मी सवयीने उजवीकडे पळायची, तो सवयीने मध्ये घुसायचा, दोनदा डोकी आपटली. क्लबवाले म्हणायचे, "काय रुसो, म्हातारपणी बायकांच्या मागे लपतोस?" तो म्हणायचा, "मागे नाही, बाजूला. जागा चांगली आहे, तू पण ये." वर हसायचा. पण मी बघायचे, उंच चेंडू आला की त्याचा हात आपोआप वर जायचा आणि तो दुसऱ्या हाताने खाली ओढायचा. सोपं नव्हतं त्याला. चाळीस वर्षांचा घाव घालणारा हात.

मेमध्ये आसुलला गेलो. आमच्याकडे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, थंडी अशी की चेंडू दगडासारखे. पहिल्या दिवशी दोन जोड्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी समोर पिएरोनी नवराबायको, त्यांच्या क्लबची लाडकी जोडी. आम्ही बाजू घेतल्या तेव्हा पिएरोनी जाळीपाशी आला. "बाई, बाजू चुकलात का? तुम्ही डावीकडे आलात."

"तुम्ही खेळा तर," मी म्हटलं.

त्यांनी काय करावं? प्रत्येक चेंडू उंच, प्रत्येक चेंडू माझ्यावर. डावीकडे बाई उभी आहे म्हणजे तिथेच खिंडार, एवढाच त्यांचा हिशेब. पहिला सेट त्यांनी घेतला, कारण मी घाबरून अर्धे चेंडू जाळीत मारले. बाकावर बसलो तेव्हा मी रुसोला म्हटलं, "बाजू बदलूया. एक सेट फक्त. तू मार."

तो चॉकलेट सोलत होता. "मी उजवीकडचा आहे," तो म्हणाला. बस्स, एवढंच. हे बोलायला त्याला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे. मला चॉकलेटचा अर्धा तुकडा दिला आणि उठला.

दुसऱ्या सेटमध्ये मी मारायला लागले. काय सांगू! पहिला जेव्हा नीट बसला तेव्हा आवाज असा आला की बाजूच्या कोर्टावरची पोरं थांबली. दुसरा भिंतीवरून बाहेर गेला. रुसो खाली वाकून, गोल रॅकेटने, सगळं निस्तरत होता. पिएरोनीचे फटके भिंतीवरून असे अलगद उचलून परत द्यायचा की पिएरोनी चिडून लाल झाला. उजवीकडे इतका सुंदर खेळ असतो हे मी वीस वर्षं तिथे उभी राहून कुणाला दाखवू शकले नव्हते. दुसरा सेट आमचा. तिसरा सहा-सहा. टायब्रेकमध्ये सहा-पाच आम्ही पुढे, म्हणजे आणखी एक गुण आणि सामना आमचा. इर्मा कुंपणाला चिकटून उभी होती, रुसोच्या कोपरावर डोळे लावून. त्याने सबंध सामन्यात कोपराला एकदाही हात लावला नव्हता.

पिएरोनीने पुन्हा उंच टाकला. खूप उंच, बरोबर आम्हा दोघांच्या मधोमध. मी मागे सरकले, पाय पडले, डोळ्याच्या कोपऱ्यातून रुसो कुठे आहे ते बघितलं.

रुसो चेंडूकडे बघतच नव्हता. त्याने रॅकेट डाव्या हातात घेतली होती, उजवा हात चड्डीला पुसला होता, आणि हात मिळवायला तो जाळीकडे निघाला होता. चेंडू अजून वरच होता. पिएरोनीची बायको आ वासून त्याच्याकडे बघत राहिली, आणि हा तिला म्हणत होता, "छान खेळलात, ताई."

मग मी मारला.